सुतभर बाहेर

आमच्या घरात भिंतीवर चित्र काढायला बसलं की आधी चौकट. चतुर्थीच्या आठ दिवस आधी आत्ये, म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, गणपती बसायची भिंत चुन्याने पांढरी करून घ्यायची. नारळाच्या करवंट्यांतून गेरू, नीळ, हळद, काजळ असं भिजवून ठेवायची आणि मग मला हाक मारायची, "शेवंते, पयली चौकट घाल गो. चारय कोपरे मिळूक व्हये." चौकट म्हणजे नुसती रेघ नव्हे, वळत वळत जाणारी पानांची वेल. ती चारी बाजूंनी फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली की मगच आत मोर, हत्ती, कमळं. मोराचा पिसारा चौकटीला टेकला तरी आत्ये पुसायला लावायची. "अर्धी वस्त देवाच्या म्होरे ठेवची नाय," म्हणायची. ती विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरात तिचा शब्द बाबांच्याही वर होता.

चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात, आंब्याच्या कलमात हात हवे होते. मला वाईट वाटलं की नाही ते आठवत नाही. शाळेत बोलावं लागायचं, ते टळलं याचं बरं वाटलं असावं. चतुर्थीला लोक आमची भिंत बघायला यायचे तेव्हा मी मागीलदारी भांडी घासत बसायची. आतून आवाज यायचे, "ह्या कोणी काढल्यान?" आणि आई सांगायची, "आमच्या चेडवान." तेवढं ऐकलं की भांड्यावरचा हात आपोआप जोरात चालायचा. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर आत्ये पुन्हा चुना मारायची. माझी सात-आठ वर्षांची चित्रं अशी एकाखाली एक त्या भिंतीत गेलेली आहेत.

आमची कलमं देवगडच्या बाजूला, खाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. फाल्गुन लागला की घरात कुणाला स्वस्थता नसायची. अंगणात सुतार पेट्या ठोकायला बसायचा, त्याची ठकठक पहाटेच्या पेजेपासून दिवेलागणीपर्यंत चालू. कलमात वांदर आले की आम्ही डबे बडवत धावायचो. सगळ्या घराला सुक्या गवताचा वास, अंथरुणातसुद्धा गवताच्या काड्या. जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा, तेही उभ्या उभ्या. पेट्यांवर बाबांचं नाव पत्र्याच्या छापाने काळ्या शाईत उठवायचं काम माझं होतं.

त्या वर्षी मुंबईच्या अडत्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आता रंगीत चित्राचा कागद लावलेली पेटी गिऱ्हाईक आधी उचलतं. त्याने स्वतः एक कागद छापून घेतला होता, त्यावर टोपली घेतलेली एक हसरी बाई होती. ज्या बागायतदाराला स्वतःचं चित्र लावायचं असेल त्याने हंगामाच्या आत छापून आणावं, नाहीतर सगळ्यांच्या पेट्यांवर ती बाई. बाबांना ते मुळीच रुचलं नाही. जेवताना म्हणाले, "बाई खंयची, आंबो खंयचो. तिणा कधी आमच्या कलमाक पाणी तरी घातल्यान काय?"

आत्ये वाढता वाढता म्हणाली, "मगे तुझ्या शेवंतीक सांग. भिंतीर काढता ता कागदार काढीत."

मी मान वर केली नाही, पण घास तोंडात फिरत राहिला. महिन्यापूर्वीच माझं लग्न ठरलं होतं. सावंतवाडीच्या पुढच्या इन्सुलीचं स्थळ, वैशाखातला मुहूर्त. मुलाचं तिथे गोव्याच्या रस्त्यावरच्या तपासणी नाक्याजवळ सायकलींचं दुकान होतं, मी त्याला एकदाच आणि तेही खाली मान घालून पाहिलं होतं. तिथली भिंत तिथल्या माणसांची असणार, तिच्यावर कोण काय काढतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. पण कागदावर छापलेल्या चित्रावर चुना मारता येत नाही, एवढं मला त्या जेवणात कळलं. मला ते चित्र छापून हवं होतं, आणि मी या घरातून जायच्या आधी हवं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. आज या वहीतच पहिल्यांदा लिहिते आहे.

छापखाना कोल्हापूरचा होता. बाबांनी तिथून जाड कागद आणि रंगांच्या बाटल्या मागवल्या. नऊ इंच लांब, सहा इंच उंच असं माप आलं. मी ओटीवर दाराच्या उजेडात बसून चित्र काढलं. एका बाजूला आमचं सड्यावरचं कलम, फळांनी वाकलेलं. मागे खाडी, खाडीत एक होडी. खाली बाबांचं नाव आणि 'देवगड हापूस'. आणि चारी बाजूंनी अगदी कागदाच्या कडेला वेल. चारी कोपरे मिळवले. आत्येने बघून मान हलवली, म्हणजे झालं.

ते चित्र आठवड्याने परत आलं. सोबत पत्र होतं: चित्र कापायच्या रेघेवर संपवू नये, चारी बाजूंना एक सूत बाहेरपर्यंत रंगवून द्यावं, याला छपाईत ब्लीड म्हणतात. मी पत्र चार वेळा वाचलं. सूत म्हणजे काय ते अंगणातल्या सुताराने फुटपट्टीवर दाखवलं, इंचाचा आठवा भाग. पण बाहेर रंगवा म्हणजे काय रंगवा, ते त्यालाही सांगता येईना. "भायर म्हणजे भायर," तो म्हणाला आणि खिळा तोंडात धरून पुढची पेटी घेतली.

मग मी माझ्या अकलेने काढलं. मोठा कागद घेतला, त्यावर नऊ बाय सहाची रेघ आखली, वेल सोडून आतलं चित्र जसंच्या तसं पुन्हा काढलं. आणि बाहेरच्या त्या सुतभर पट्टीत काय घालायचं, तर वेल. जागा मागितली आहे ती चौकटीसाठीच, दुसरं काय असणार असं मला वाटलं. इतकी बारीक वेल मी त्याआधी कधी काढली नव्हती. दोन केसांच्या कुंचल्याने चार दिवस काढत होते. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई म्हणाली, "लग्नाक डोळे लाल घेवन जातंस काय?" बाबांनी ते चित्र तळेऱ्याच्या फाट्यावर कोल्हापूरच्या गाडीत ड्रायव्हरच्या हवाली केलं आणि मी दिवस मोजायला लागले.

ते दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. दुपारची एसटी वळणावर भोंगा द्यायची, तो ऐकू आला की हातातलं टाकून मी पाणंदीच्या तोंडापर्यंत जायची. पोस्टमन गाडीतून उतरतो की नाही ते बघून परत यायची. विहिरीवर गेले की कळशी भरून वाहत राहायची. एकीकडे लग्नाचे पोहे कांडायला बायका येत होत्या, उखळाचा आवाज आणि पेट्यांचा आवाज एकात एक मिसळून जायचा, आणि मला वाटायचं की सगळं घर मला ढकलून बाहेर काढतंय. झाडावर आंबा पाडाला आला होता.

माझी नात सावंतवाडीला लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कामाला आहे. परवा जेवताना सांगत होती, एका गिऱ्हाइकाने ब्लीड न ठेवता फोटो पाठवला आणि कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहिली, मग सगळा कागद फुकट. मी म्हटलं, "सुतभर बाहेर ठेवूक होया होता." ती जेवायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी आमटी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी ही वही काढली.

दुसऱ्यांदा चित्र परत आलं नाही, कार्ड आलं. छापखान्याचा फोरमन विजयदुर्गच्या बाजूला कामं गोळा करायला येणार होता. मंगळवारी गाडी बदलताना तळेऱ्याला दोन तास थांबेन, चित्र माझ्याजवळ आहे, तुमच्या चित्रकाराला रंगांसकट घेऊन या, नाहीतर यंदा छापून होणार नाही, असं लिहिलं होतं. कार्ड वाचून मी बाबांकडे बघितलं. पत्रांत ते 'आमचे चित्रकार' असंच लिहीत आले होते.

"चित्रकार आजारी आसा म्हणान सांगूया," बाबा म्हणाले. "थयसर हाटेलात बसूचा लागतला. सावंतवाडीची गाडी थयसूनच जाता. इन्सुलीचा कोण बघीत तर?"

आत्ये म्हणाली, "बापाशीवांगडा बसलेल्या चेडवाक कोण काय म्हणताला?"

"मी येतंय," मी म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, कारण मी विचारल्याशिवाय बोलत नसे.

तळेऱ्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रस्ता तिथे फुटतो, त्यामुळे चारी बाजूंच्या गाड्यांची धूळ एकाच जागी. हाटेलात भजी तळत होते. आतल्या बाकावर काळी टोपी घातलेला एक माणूस बशीतून चहा पीत होता, त्याच्या नखांत शाई होती. ते शंकरराव फोरमन.

"या, या. आणि चित्रकार कुठायत?" त्यांनी आमच्या मागे दाराकडे बघितलं.

बाबा शाळेतल्यासारखं बोलायला लागले. "ही माझी मुलगी. हिनेच ते... म्हणजे चित्र हिनेच काढलेलं आहे."

शंकररावांनी माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघितलं. बोटांना निळा रंग होता, दोन दिवस चिंच लावूनही गेला नव्हता. "मग उभी का? बस की," ते म्हणाले. "हितं उजेडाला बस."

त्यांनी पिशवीतून माझं चित्र काढलं, आणि रद्दी कागदांचा एक जाड गठ्ठा. एकसारखे छापलेले, कुठल्याशा उदबत्तीचे. गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केला, वर फुटपट्टी दाबली, आणि बुकबाईंडरची सुरी काढून जोर लावून एका दमात खालपर्यंत कापला. मग पत्ते पसरावेत तसे कागद पसरले. "आता बघ." वरचा कागद बरोबर रेघेवर कापला होता. मधला थोडा आत. खालच्याच्या कडेला पांढरी फट राहिली होती. "मशीन असलं तरी हीच गत. कागद दबतो, सरकतो. हजारो कापायचे म्हटल्यावर दोन कागद सारखे न्हाई निघत. आता तुझी वेल. एका पेटीवर निम्मी राहील, दुसऱ्या पेटीवर नुसती देठं, तिसऱ्यावर काहीच न्हाई."

मला ते एका क्षणात दिसलं. चार दिवसांची माझी वेल, एकेका पेटीवर कुरतडल्यासारखी. पत्रातल्या अक्षरांतून जे शिरलं नव्हतं ते त्या पसरलेल्या कागदांतून शिरलं. मला भयंकर राग आला. राग कुणाचा ते कळत नव्हतं.

"वेल पुसायची," शंकरराव म्हणाले. "समुद्र हाय तो तसाच बाहेर न्यायचा. आभाळ बाहेर. झाड बाहेर. चित्र संपवायचंच न्हाई. सुरी जिथं पडेल तिथं संपेल." मग त्यांनी बोट खाली नेलं. "आणि हे नाव दोन सूत आत घ्या. फार कडेला आलंय."

बाबा पुढे वाकले. "म्हणजे माझं नाव बारीक करायचं?"

"बारीक न्हवं हो, आत."

"आत म्हणजे बारीकच झाला ना," बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले.

मी रंगांचा डबा उघडला, बशीत पाणी घेतलं. कुंचला निळ्यात बुडवला, वेलीच्या पहिल्या पानाजवळ नेला, आणि हात पुढे जाईना. आयुष्यात कधी चौकट मोडली नव्हती. खाडीचं ठीक होतं, पाणी काय, कुठवरही जातं. पण झाडाची फांदी मी नेमकी चौकटीच्या आत वळवून आणली होती, तिच्या टोकाला तीन आंबे होते. फांदी बाहेर न्यायची म्हणजे त्यातला एक सुरीखाली येणार. बाहेर गाडीने भोंगा दिला, मला वाटलं शंकररावांची गाडी आली, पण ती कणकवलीची होती. मी त्या माणसाशी बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

"आंबो अर्धो कापलो गेलो तर?"

शंकररावांनी भजं खाता खाता विचार केला. "जाऊ दे की. अर्धा दिसला की बघणारा म्हणतो, बाहेर अजून असतील."

मी पहिलं पान पुसलं. म्हणजे त्यावर पाणी फिरवलं, खाडीचं. मग दुसरं. मग हात थांबलाच नाही. मला वाटलं होतं की पाच मिनिटांत पट्टी भरून होईल, पण बाहेर काय आहे ते आधी ठरवावं लागत होतं. कलमाच्या डाव्या बाजूला काय? तिथे आमचा गडगा आहे, दगडांचा. त्या गडग्याच्या पलीकडे मी रोज बघायची, पण चित्रात तो कधी घातला नव्हता. मी दोन दगड घातले, आणि ते कडेच्याही बाहेर जाऊ दिले. वर फांदी नेली, आंबा नेला. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चौकटीपासून बोटभर लांब थांबवली होती, तिच्यापुढे पाणी वाढवलं. बाबांचं नाव पुसून पुन्हा आत लिहिलं. बाबा माझ्या पाठीमागे उभे राहून रस्त्यावरून मला कुणी बघू नये म्हणून धोतराचा सोगा पसरून वारा घेत असल्यासारखं करत होते. हाटेलवाला म्हणाला, "शेट, वारो तरी खंय आसा?"

शंकररावांची गाडी आली तेव्हा वरची कड ओली होती. गुंडाळता येईना. ते चित्र दोन्ही हातांवर आडवं धरून गाडीत चढले, एका बाईला खिडकीजवळची जागा मागितली आणि मांडीवर ते धरून बसले. गाडी हलल्यावर बाबा म्हणाले, "त्येंका विजयदुर्गाक जावचा होता ना? ही गाडी कोल्हापुराक चल्ली." खरंच, गाडी घाटाच्या दिशेने गेली. आमच्या चित्रासाठी ते आपली फेरी सोडून परत गेले, की गाडी चुकून धरली, ते मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतर काही आलं नाही. आंबा उतरला, पहिल्या पेट्या भरल्या आणि त्यांच्यावर अडत्याने धाडलेली हसरी बाई लागली. तिला खळ लावून चिकटवायचं काम माझंच होतं. मी तिच्या कडा बघायची. तिला पांढरी चौकट होती, तीही एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. मला ते आता कळत होतं आणि कळून उपयोग नव्हता. हळद लागली तरी माझे कान वळणावरच्या भोंग्याकडे. आई मला ओवाळत होती तेव्हा आत्ये मागून म्हणाली, "खंय आसा गो तुझा लक्ष?" लग्न झालं. मी इन्सुलीला गेले. कागद आले नव्हते.

नव्या घरात मी बोलत नसे. सासूबाई बऱ्या होत्या, फार विचारत नसत. घर रस्त्याला लागून, आणि पुढ्यात नाका. गोवा मोकळा झाल्यापासून गाड्यांची रांग लागायची, शिपाई पेट्या उतरवून तपासायचे. मी दाराआड उभी राहून बघत राहायची. घरातलं काम संपलं तरी मी बसत नसे. एका संध्याकाळी, ऊन कलल्यावर, एक ट्रक थांबला आणि शिपायांनी आंब्याच्या पेट्या रस्त्याच्या कडेला रचल्या. दारातून मला रंग दिसला. निळा.

पदर सावरून मी रस्ता ओलांडला. लग्नानंतर एकटी रस्त्यावर गेले ती पहिल्यांदा. पेट्यांसमोर उकिडवी बसले. ते चित्रच होतं, माझं. मी चित्राकडे बघितलं नाही, कडा बघितल्या. एका पेटीवर गडग्याचे दोन दगड, दुसऱ्या पेटीवर दीड. एका पेटीवर आंबा जवळजवळ पुरा, दुसरीवर नुसती त्याची पाठ. कुठेही पांढरी रेघ नव्हती. एकाही पेटीवर नव्हती. मी बोट फिरवून बघितलं.

"ओ बाय, आंबे हयसर विकूचे नाय," ट्रकवाला म्हणाला.

"आंबे नको माका."

"मगे काय बघतंस?"

मी पुढच्या पेटीची कड बघितली. एवढ्यात दुकानातून हे आले, हाताला सायकलचं ग्रीस. त्यांनी पेटीवरचं नाव वाचलं. "ह्या तर तुझ्या बापाशीचा नाव."

"होय."

"म्हणान बघतंस?"

"चित्र माझा," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य असेल.

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. बराच वेळ चित्र बघत राहिले. मग नखाने कागदाचा कोपरा उचलायला गेले, घरी न्यायला. "नको," मी म्हणाले, "फाटात. जावंदे." शिपायांनी पेट्या परत चढवल्या आणि ट्रक गोव्याच्या बाजूला गेला. आम्ही रस्त्याच्या कडेला तसेच उभे होतो. सासूबाई दारातून बघत होत्या.

"उद्या माल आणूक सावंतवाडीक जातंय," हे म्हणाले. "कागद आणतंय तुका. केवढो व्हयो?"

मी दोन्ही हातांनी माप दाखवलं. मग दोन्ही हात अजून थोडे लांब नेले.